होळीचा हार

फाल्गुन महिना लागला, की आमच्या भडगावच्या बाजारपेठेचे रूप पालटते. एरवी ज्या दुकानांतून डाळी, गूळ आणि तेलाचे डबे दिसतात, त्यांच्या दर्शनी भागी दोऱ्या बांधल्या जातात आणि त्यांवर पांढरे, गुलाबी, पिवळे हार लोंबू लागतात. हे हार फुलांचे नव्हेत, साखरेचे! आम्ही खानदेशातील लोक त्यांना हार-कंगन म्हणतो. इतरत्र ते गाठी या नावाने ओळखले जातात. हार गळ्यात घालायचा आणि कंगन मनगटात. ज्या घरी बाळाची पहिलीच होळी असते, तेथे तर आप्तेष्टांकडून आलेल्या हारांनी खुंट्या भरून जातात.

हे हार तयार होताना पाहणे मोठे मौजेचे असते. कढईत साखरेचा पाक उकळत असतो. त्यात थोडे दूध सोडले, म्हणजे मळी वर येते. ती झाऱ्याने काढून टाकतात. लाकडी साच्यांवर फुलांचे, पदकांचे आकार कोरलेले असतात व त्यांतून दोरा आधीच ओढून ठेवलेला असतो. त्यांत कढत पाक ओतला, की तो पाहता पाहता थिजतो. साचा उघडताच दोऱ्यात आपोआप ओवलेली पदके बाहेर येतात. सुईदोरा न घेता हार ओवणारे हे कारागीर मला नेहमीच जादूगार वाटत आले आहेत.

तेव्हा, बालमित्रांनो, मी पुढे जे सांगणार आहे, ते या हारांची निंदा करण्यासाठी नव्हे. माझी तक्रार आहे, ती हार खाण्याच्या रीतीविषयी. लाडू आपण ताटात घेऊन खातो आणि हात धुतो. हार मात्र गळ्यातच असतो! खेळता खेळता एक पदक चोखावे, जरा वेळाने दुसऱ्याचा कोपरा कुरतडावा, असा उद्योग सकाळपासून सांजवेळेपर्यंत चालतो. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत पंधरा दिवस साखर घरात असते आणि त्या पंधरा दिवसांत कित्येक मुलांच्या तोंडाला क्षणाचीही उसंत मिळत नाही.

दात किडला, असे आपण म्हणतो. या शब्दातच एक जुनी समजूत दडलेली आहे. दातात खरोखरीचा किडा शिरतो आणि तो दात पोखरतो, असे पूर्वी जगातील अनेक देशांतील लोक मानीत. आपल्याकडे रिंगणीच्या बियांची धुरी देऊन तो किडा पाडण्याचा उपाय करीत. इ. स. १६८३ मध्ये हॉलंडमधील लेवेनहूक नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने आपल्या दातांवरचा पांढरा थर खरवडून स्वतः घासलेल्या भिंगाखाली धरला, तेव्हा त्यात वळवळणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसून तो चकित झाला. मात्र या जीवांचे दातांशी काय वैर आहे, हे कळण्यास आणखी दोन शतके जावी लागली. बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी १८९० मध्ये आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की हे जंतू दात कुरतडत नाहीत. ते आपण खाल्लेल्या साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल बनवितात. त्या आम्लात दात विरघळतो.

दातावरचे कवच शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य आहे, हाडाहूनही कठीण. परंतु त्यात एक उणेपण आहे. मोडलेले हाड सांधते, कापलेली त्वचा भरून येते. कवचाला मात्र एकदा खड्डा पडला, की तो पुन्हा बुजत नाही. साखर तोंडात पडल्यावर काही मिनिटांतच आम्ल तयार होते आणि कवचातील क्षार झिरपू लागतात. सुदैवाने आपली लाळ लगेच मदतीला धावते. ती आम्लाचा जोर मोडते आणि गेलेले क्षार थोडे थोडे परत आणून बसविते. या कामाला तिला अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. आता पाहा, दर दहा मिनिटांनी पदक चोखणाऱ्या मुलाच्या तोंडात बिचाऱ्या लाळेने काम करावे तरी केव्हा? एकदाच बसून चार पदके खाणाऱ्यापेक्षा दिवसभरात दोनच पदके चघळणाऱ्याचे दात अधिक धोक्यात असतात, हे गणित प्रथम उलटे वाटते. पण ते खरे आहे.

ही गोष्ट स्वीडनमध्ये पडताळून पाहण्यात आली. लुंड शहरात वीपेहोल्म नावाचे मतिमंदांचे रुग्णालय होते. तेथे १९४५ नंतर काही वर्षे निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या प्रकारे साखर देण्यात आली. ज्यांना ती जेवणाबरोबर मिळाली, त्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. ज्यांना दोन जेवणांच्या मध्ये दातांना चिकटणारी टॉफी मिळाली, त्यांचे दात भराभर किडले. निष्कर्ष मोलाचा होता. पण ज्यांच्या दातांची किंमत देऊन तो मिळाला, त्यांची संमती कोणी विचारलीच नव्हती. मला तरी हा प्रयोग अन्यायाचाच वाटतो. पुढे स्वीडनमध्ये मुलांना रोज खाऊ न देता आठवड्यातून एकदा, शनिवारी द्यावा, अशी चाल पडली आणि ती आजही पुष्कळ घरांत पाळली जाते.

हे सारे मी तुम्हांलाच का सांगतो, यालाही कारण आहे. माझ्या वर्गातील एक हुशार मुलगा ऐन वार्षिक परीक्षेत गालाला फडके बांधून आला. गाल भोपळ्यासारखा सुजला होता आणि प्रश्नपत्रिकेवर डोळ्यांतून पाणी ठिबकत होते. दुसऱ्या दिवशी त्याची दाढ काढावी लागली. "दुधाचीच दाढ आहे, पडेल आणि नवी येईल," अशा समजुतीने घरच्यांनी वर्षभर तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते, ती कोणाच्या जागी येत नाही, म्हणून तिच्या आगमनाचा पत्ताच लागत नाही; पण ती जन्माची सोबतीण असते. तिच्यामागची दुसरी मोठी दाढ साधारणपणे बाराव्या वर्षी येते, म्हणजे नेमकी तुमच्या वयात. नवी दाढ अजून पुरती पक्की झालेली नसते आणि तिच्या माथ्यावरील खोल चिरांत साखर दडून बसते. आरशासमोर उभे राहा, तोंड उघडा आणि ती आली आहे का, ते पाहा.

आमच्या लहानपणी कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दात घासत. काडी चांगली चावून तिचा कुंचला केला, तर तीही काम करते. परंतु फ्लुओराईड असलेली टूथपेस्ट कवचाला अधिक बळ देते, हे आता सिद्ध झाले आहे. काही घरांत मात्र अजून तंबाखूची मशेरी दातांना लावतात. तिच्याइतका वाईट उपाय दुसरा नाही. तिने तोंडाचा कर्करोग होतो. रात्री झोपताना दात घासणे सर्वांत महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ फार थोडी सुटते आणि रात्रभर दातांना राखणदार उरत नाही.

आमच्या घरी होळीचा हार सकाळी मुलांच्या गळ्यात असतो. गावभर मिरवून झाले, की तो देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर जातो. दुपारचे जेवण आटोपले, की ज्याने त्याने आपली दोन पदके तोडावीत, तेथेच बसून खावीत आणि खळखळून चूळ भरावी, असा नियम आहे. गेल्या वर्षी माझ्या नातीने या नियमाचा हिशेब मांडला. हारात पदके सव्वीस. रोज दोन खाल्ली, तर तेरा दिवसांत हार संपणार आणि पाडव्याच्या गुढीला काहीच उरणार नाही! "आजोबा, मग गुढीला काय बांधायचे?" तिने विचारले. गुढीसाठी नवी गाठी आणावी लागते, हे तिला चांगले ठाऊक होते.