वांकलेली चासी

‘सरळ’ हा शब्द आपण फार सढळ हातानें वापरतों. सरळ रस्ता, सरळ उत्तर, सरळ माणूस असें दिवसांतून दहा वेळां म्हणतों. परंतु ‘किती सरळ?’ असें आपणांस कोणी विचारीत नाहीं. माझा धंदा पडला फिटरचा. कारखान्यांत मला हा प्रश्न रोज विचारला जातो आणि त्याचें उत्तर मिलिमीटरच्या अंशांत द्यावें लागतें. गेल्या मे महिन्याच्या सुटींत हाच प्रश्न एका खेळण्याच्या निमित्तानें माझ्या घरीं चालून आला. त्याला खेळणें म्हटलेलें माझ्या भाच्याला रुचणार नाहीं, पण मामाला तेवढी सवलत असावी.

ती एक बिनतारी लहरींच्या योगानें दुरून चालवावयाची गाडी होती. खऱ्या मोटारीच्या एक-अष्टमांश आकाराची, वजनानें साडेतीन किलोच्या घरांत, आणि वेगानें तर माझ्या सायकलला सहज मागें टाकील अशी. दुरून यंत्र चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें पाण्याच्या हौदांत एक लहानशी नाव तारेवांचून चालवून दाखविली होती. जपानच्या टामिया कंपनीनें पोर्शे ९३४ या मोटारीची प्रतिकृति १९७६ सालीं बाजारांत आणली, तीही अशीच दुरून चालणारी. आतां या गाड्या धांवतात, उड्या मारतात आणि अर्थातच आपटतात.

ही गाडी भाच्याची असती तर मला एवढी धांवपळ करावी लागली नसती. ती त्याच्या वर्गमित्राची होती. मित्र आठ दिवसांसाठीं आजोळीं गेला, जातांना ‘सांभाळ आणि चालव’ म्हणून गाडी याच्या स्वाधीन करून गेला. तिसऱ्या दिवशीं मातीच्या ढिगावरून घेतलेली उडी फसली आणि गाडी गटाराच्या सिमेंटच्या कांठावर नाकानें आदळली. बाहेरून पाहतां कांहींच झालेलें दिसत नव्हतें. पण पुढच्या चाकांकडे शक्ति नेणारा मधला दांडा अडखळूं लागला, आणि गाडी उलटी करून पाहिली तेव्हां तिची चासी, म्हणजे जिच्यावर सर्व यंत्र बसवलेलें असतें ती तळाची धातूची पाटी, वांकलेली आढळली. नवी पाटी परदेशांतून मागवावी लागणार होती. माझी बहीण आपल्या शिलकींतून पैसे द्यावयास तयार होती. पण मित्र रविवारीं परत यावयाचा होता आणि तो दिवस होता बुधवार.

“मामा, गॅसवर तापवून हातोडीनें ठोकूं या का? लोहार तसेंच करतात ना?” भाच्यानें विचारलें.

प्रश्न शहाणपणाचा होता. लोखंड लाल तापलें म्हणजे मऊ होतें हें सर्वांस ठाऊक आहे. पुण्याच्या तांबट आळींतले कारागीर ठोकून ठोकून कठीण झालेलें तांबें पुन्हां भट्टींत तापवितात, तें नरम करतात व मग पुढें ठोकतात. परंतु ही पाटी होती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि तिचें तंत्र निराळें. एक तर ॲल्युमिनियम उजेडांत डोळ्यांना लाल दिसण्याच्या आधींच वितळूं लागतें, म्हणजे लोहाराचा डोळा येथें उपयोगी नाहीं. दुसरें असें कीं, या धातूचें बळ उष्णतेनेंच बांधलेलें असतें. जर्मनींत आल्फ्रेड विल्म याला १९०६ सालीं असें आढळून आलें कीं, तांबें व मॅग्नेशियम यांचा अल्प अंश मिसळलेलें ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केलें, तर तें पुढील कांहीं दिवसांत आपोआप कठीण होत जातें. पुढें यांत जस्ताची भर घालून अधिक बळकट धातु निघाल्या. १९३० नंतरच्या दशकांत जपाननें तशी एक धातु लढाऊ विमानांसाठीं बनविली, आणि अमेरिकेंत १९४३ सालीं निघालेली तशीच धातु आज ७०७५ या अंकानें ओळखली जाते. आमच्या गाडीच्या खोक्यावर नेमका तोच अंक छापला होता. या धातूला शेवटचें बळ येतें तें सुमारें १२० अंश सेल्सिअसच्या मंद आंचेवर कित्येक तास ठेवून. ती चुलीवर दोनशें-तीनशें अंशांपर्यंत नेली कीं तें सर्व बळ निघून जातें. पाटी सहज सरळ झाली असती, पण पुढच्या उडीला पुठ्ठ्यासारखी वांकली असती.

म्हणून थंड अवस्थेंतच सरळ करावयाचें ठरलें. प्रथम गाडी खोलली. एका पुठ्ठ्यावर पाटीचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागीं टोंचून ठेवण्याचें काम भाच्याकडे दिलें. तें त्यानें अतिशय चोख केलें. कांहीं स्क्रू न हलण्यासाठीं औषध लावून बसविलेले असतात. त्यांच्या डोक्यावर डाख देण्याचें तापलेलें हत्यार क्षणभर टेंकविलें म्हणजे ते सुटतात. जोर लावला तर षट्कोनी खांचच झिजते.

नंतर पाटी जाड कांचेवर ठेविली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी लागते. अशा गाडीचें नाक मुद्दामच थोडें वर उचललेलें असतें. तो वांक कारखान्यानें दिलेला, त्याला हात लावावयाचा नाहीं. भाचा ती सबंध पाटी पापडासारखी सपाट करावयास निघाला होता! म्हणून नाकाचा भाग कांचेच्या कडेबाहेर सोडला, मागचा भाग दाबून धरला आणि सपाट भागाच्या पुढच्या टोंकाखालीं फीलर गेजचीं पानें एकावर एक रचून सरकविलीं. फट भरली २.८ मिलिमीटर. दोन पट्ट्या पाटीवर आडव्या उभ्या करून, सुतार फळी पारखतो तसें एका डोळ्यानें पाहिलें, पीळ नव्हता. हें मोठेंच सुदैव, कारण पीळ काढणें हें फार कटकटीचें काम आहे.

त्याहून महत्त्वाची तपासणी भेगांची. वांक नेमका स्क्रूंच्या भोंकांच्या ओळीवर बसला होता. हीं भोंकें वरून रुंद, खालीं अरुंद अशीं कोरलेलीं असतात, तेथें धातु थोडी उरते आणि भेग तेथूनच सुरू होते. रेल्वेच्या कारखान्यांतून पूर्वीं एक युक्ति वापरीत असत, ती मीं केली. पाटीला रॉकेल चोळलें, थोड्या वेळानें कोरडें पुसलें आणि वर खडूची पूड पसरली. भेग असेल तर तिच्यांत शिरलेलें रॉकेल वर येऊन पांढऱ्या पुडींत काळसर रेघ उमटते. रेघ उमटली नाहीं.

मग सहा इंची व्हाइसच्या जबड्यांत पाटी उभी धरली. एका बाजूस दोन टोंकांना सागवानाचे दोन तुकडे, दुसऱ्या बाजूस बरोबर वांकावर एक. मीं कागदावर हिशेब केला होता कीं, ही तीन मिलिमीटर जाडीची पाटी एवढ्या अंतरांत सुमारें नऊ मिलिमीटर दाबली तरी ती पूर्ववत् उसळून येईल. ॲल्युमिनियम हें पोलादाच्या तिप्पट लवचीक. जेवढें दाबावें त्यांतलें बहुतेक तें परत घेतें. पांच मिलिमीटर दाबलें, सोडलें, कांचेवर ठेविलें : २.८. सात दाबलें : २.८. भाच्याचा चेहरा पडला. आठाला मात्र फट २.५ वर आली, म्हणजे माझ्या हिशेबाच्या आधींच. याचेंही कारण आहे. एका दिशेनें वांकलेली धातु उलट दिशेला अधिक लवकर नमते. म्युनिकच्या योहान बाउशिंगर यानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें मोजून दाखविलें आणि त्याचेंच नांव या गुणाला पडलें. वांक घेतलेली जागा पहिल्यासारखी राहत नाहीं तें असें.

तेथून पुढें व्हाइसचा दांडा थोडा थोडा फिरवावयाचा, सोडावयाचा, मोजावयाचें. दोन संध्याकाळ हेंच चाललें होतें. वहींत आंकडे भाचा लिहीत होता : २.१, १.६, १.२, ०.७. कोणी ठोके घालून पांच मिनिटांत हें उरकील; पण ठोक्यानें धातु त्या जागीं पसरते व एका वांकाचे चार वांक होतात. शुक्रवारीं रात्रीं फट ०.२ वर आली, जवळजवळ पोस्टकार्डाची जाडी.

“अजून एकदां, मामा. शून्य होईल.”

मीं व्हाइस सोडला. आणखी एकदां दाबून पाटी पलीकडे वांकली असती तर तिला पुन्हां अलीकडे आणावें लागलें असतें, आणि तारेचा तुकडा तुटतो तो असाच मागेंपुढें करून. मधला दांडा ०.२ ला मोकळा फिरतो हें आम्ही बसवून पाहिलें होतें.

शेवटीं पुन्हां रॉकेल आणि खडू. या वेळीं तिसऱ्या भोंकापासून केसाएवढी एक रेघ उमटली. आम्ही दोघेही गप्प झालों. भेग असती तर ती पाटी निकामी होती; दोन संध्याकाळ वायां, आणि रविवार समोर. बारीक पॉलिश कागदानें ती जागा हलकेच घांसली, पुन्हां रॉकेल लावलें, पुन्हां पूड पसरली. रेघ गेली. तो वरवरचा ओरखडा होता. खात्रीसाठीं तिसऱ्यांदाही करून पाहिलें.

शनिवारीं गाडी जोडून झाली तेव्हां भाचा म्हणाला, “आतां तर कोणाला ओळखूंही येत नाहीं. मग त्याला सांगायला हवें का?”

मीं उपदेश केला नाहीं. वहींतला आठ मिलिमीटरचा आंकडा दाखविला. ती जागा पुढच्या आपटीला इतर पाटीच्या आधीं नमेल, आणि त्या वेळीं गाडी कोणाच्या पायाच्या दिशेनें धांवत असेल तें आज सांगतां येणार नाहीं. भाचा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्यानें गाडी उलटी केली आणि न पुसणाऱ्या शाईनें वांकाच्या जागीं आडवी रेघ ओढून शेजारीं लिहिलें : ‘येथें वांकली होती. ०.२.’

रविवारीं मित्र आला. तें वाचून त्याचे डोळे प्रथम भरून आले, आणि दोघांत थोडा वेळ असें कांहीं बोलणें झालें कीं जें मीं ऐकूं नये म्हणून मी आंत गेलों. अर्ध्या तासानें बाहेर आलों तों दोघेही जमिनीवर पालथे पडून मधल्या दांड्याची फिरकी पाहत होते. तेव्हांपासून दर चार-सहा उड्यांनंतर ते पाटी उलटी करून रॉकेल लावतात व खडूची पूड पसरतात. एवढा खडू त्यांना कोठून मिळतो हें मीं अद्याप विचारलेलें नाहीं. पण त्यांच्या वर्गाच्या फळ्याखालीं जून महिन्यापासून खडू टिकत नाहीं, असें गुरुजींकडून ऐकतों.