हगवणीत पाणी कसं पाजू?

मानोरा तालुक्यातल्या एका गावची मी सून. यंदा गावची आशा सेविका म्हणून निवड झाली आणि पावसाळ्यात अतिसार नियंत्रण मोहीम लागली. पाच वर्षांखालचं लेकरू असलेल्या घरी ओआरएसची पुडी द्यायची, कशी कालवायची ते करून दाखवायचं. पण बाया सकाळीच सोयाबीनच्या निंदणाला गेलेल्या. घरी लेकरं आणि म्हाताऱ्या, त्याही नात्यानं माझ्या सासवा. डोक्यावरचा पदर सावरत त्यांना मी काय शिकवणार?

एका चुलतसासूबाईंनी सरळ विचारलं, “पाण्यावानी हागते लेकरू, अन् तू म्हणतं आजून पाणी पाज. मंग थांबन कसं?”

मी गप्प झाले. प्रश्न खराच होता. ओआरएसनं जुलाब लगेच थांबत नाहीत, लेकराचं सुकणं थांबतं. साखर आतड्यातून मिठाला आत नेते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाबातही ही वाट बंद होत नाही. पण ओट्यावर बसून हे सांगू कसं? मग मीच विचारलं, “लेकरानं लघवी कधी केली? रडताना डोळ्यांत पाणी येतं का?” हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होतं. तिथून बोलणं चाललं.

घरच्यांच्या हातूनही हे पाणी जीव वाचवतं, हे पूर्वीच दिसलंय. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी नातेवाइकांच्याच हातून पाजलं. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्याही खाली आला. म्हणून मला या सासूबाईच महत्त्वाच्या वाटतात. दिवसभर लेकरू त्यांच्याच मांडीवर असतं.

खरं अडलं ते मापाशी. पुडी एक लिटर पाण्याची, पण घरोघरचा तांब्या निराळा. कोणी अर्धीच पुडी पेल्यात टाकते. ते पाणी फार खारं होतं आणि लेकराला अपाय करतं. आता मी लिटरची रिकामी बाटली सोबत ठेवते. पाणी बाटलीतून त्यांच्याच भांड्यात ओतते आणि पाण्याच्या रेषेवर खूण करून देते. उरलेलं पाणी २४ तासांनी फेकायचं, हेही सांगते. निंदणाऱ्या बायांना दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत धुऱ्यावरच गाठते.

ओआरएससोबत द्यायच्या झिंकच्या गोळीचं मात्र अजून जमलेलं नाही. ती १४ दिवस द्यायची असते, पण जुलाब थांबले की गोळ्या फळीवर जातात. सध्या लेकराच्या मोठ्या, शाळेत जाणाऱ्या बहिणीला भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारायला सांगितलंय. आठवड्यानं जाऊन फुल्या मोजणार आहे.