पोटाभोवतीचा पट्टा

मराठी भाषा लठ्ठ माणसाशी फार मायेने वागत आली आहे. ‘खात्यापित्या घरचा’, ‘अंगाने भरलेला’, ‘बाळसेदार’ हे शब्द दोष दाखवणारे नाहीत. त्यांत कौतुकच अधिक आहे. होळकरांच्या काळी माळव्यात येऊन स्थिरावलेल्या आमच्यासारख्या घरांतून तर सुटलेले पोट हे स्थैर्याचेच लक्षण मानले जाई. मुलूख सोडून आलेला माणूस येथे उपाशी राहिला नाही, याचा तो देहावर कोरलेला दाखला होता. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी वरणभात तुपासह, पावसाळ्यात भुट्ट्याचा कीस, थंडीत गराडू, आणि रात्री पाहुणे आले की सराफ्याची फेरी ठरलेली. आयुर्वेदाचे मत मात्र इतके मायाळू नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात निंद्य मानलेल्या आठ देहांची गणना आहे. तीत अतिस्थूल आणि अतिकृश दोघेही येतात. परंतु दोघांतला कृश बरा, असा निवाडा चरक देतो, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण. हा निवाडा किती अचूक आहे, ते आमच्या घराने गेल्या अठरा वर्षांत पाहिले.

माझी थोरली बहीण लग्नानंतर बडोद्याला गेली. २००८ साली तिचे वजन १०४ किलो होते आणि उंची पाच फूट दोन इंच. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, ज्याला हल्ली सारेच बीएमआय म्हणतात, तो तिचा ४२ भरला. मधुमेह होता, रक्तदाब होता, आणि जिना चढताना गुडघे धरून बसावे लागे. उपास, चालणे, आहारतज्ज्ञांचे तक्ते हे सर्व तिने मनापासून केले होते. दर वेळी आठ-दहा किलो उतरत आणि वर्षभरात व्याजासह परत येत. लोक याला जिभेचा दोष म्हणत. मला ते कधीच पटले नाही. देह आपले गेलेले वजन परत मिळवण्यासाठी भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो, हे आता शास्त्रानेही दाखवून दिले आहे. ताईइतका संयम करणारी माणसे मी थोडीच पाहिली आहेत.

तेव्हा तिला जठराला पट्टा बसवण्याचा सल्ला मिळाला. हा पट्टा म्हणजे सिलिकोनची एक कडी. अन्ननलिका जेथे जठराला मिळते त्याच्या किंचित खाली ती जठराभोवती बसवतात. वर अर्ध्या वाटीहूनही लहान अशी एक पिशवी तयार होते. ती लवकर भरते आणि पोट भरल्याची जाणीव होते. कडीच्या आतील बाजूस फुगा असतो, त्यापासून निघालेली नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या एका लहानशा पेटीला जोडलेली असते. तिच्यात सुईने मिठाचे पाणी घातले की कडी आवळते, काढले की सैल होते. कापाकापी नाही, आतड्यांची जोडाजोड नाही, आणि नको झाले तर काढून टाकता येते. शस्त्रक्रियेतच दगावण्याचा धोका हजारात एकाहूनही कमी. बेल्जियममध्ये १९९३ साली ही कडी प्रथम दुर्बिणीतून बसवली गेली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००१ मध्ये तिला मान्यता दिली. २००८ सालच्या जानेवारीत तर ऑस्ट्रेलियातून मोठी आशादायक वार्ता आली होती. नुकताच मधुमेह झालेल्या साठ स्थूल रुग्णांपैकी निम्म्यांना पट्टा बसवला आणि निम्म्यांवर नेहमीचे उपचार केले. दोन वर्षांनी पट्टेवाल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह शमला होता, इतरांपैकी केवळ १३ टक्क्यांचा. त्या वेळी उपलब्ध असलेल्या माहितीवर ताईने घेतलेला निर्णय चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही.

पहिली दोन वर्षे चांगली गेली. पंचवीस किलो वजन उतरले, इन्शुलिन सुटले, ती पावागडाच्या पायऱ्या चढून आली. परंतु त्या पट्ट्याचा आपल्या जेवणाशी एक विचित्र झगडा होता. पोळी अडकायची. भाकरी तर अधिकच. भाताचा गोळा होऊन बसायचा आणि मग मोरीकडे धाव घ्यावी लागायची. याउलट श्रीखंड, बासुंदी, आइस्क्रीम विनासायास खाली उतरायचे. जे खावे ते अडे आणि जे टाळावे ते सरळ जाई! दारावर पहारेकरी बसवावा आणि त्याने घरच्यांना अडवून चोराला वाट द्यावी, तसे. पुढे कळले की पट्टा बसवलेल्या अनेकांचा हाच अनुभव आहे आणि त्यांचे वजन पुन्हा वाढण्याचे तेही एक कारण आहे.

त्यापेक्षा मोठी अडचण निराळी होती. पट्टा बसवून काम संपत नाही. तो वर्षानुवर्षे आवळत-सैलावत राहावा लागतो, आणि त्यासाठी सवयीचा हात लागतो. ज्या रुग्णालयात ताईची शस्त्रक्रिया झाली, तेथील शल्यविशारद तीन वर्षांत दुसऱ्या शहरी निघून गेले. त्यांच्या जागी आलेल्यांना पट्ट्यात रस नव्हता. शस्त्रक्रियेपूर्वी दिवसातून दोनदा फोन करणारी मंडळी नंतर पाणी भरण्याची वेळ देण्यासही महिना लावीत. २०१३ मध्ये छातीत जळजळ आणि रात्रीच्या उलट्या सुरू झाल्या. पट्टा खाली घसरला होता. एकदा सैल करून पाहिला, पुन्हा आवळला, आणि अखेर २०१५ मध्ये दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढून टाकला. दीड वर्षात ताई पुन्हा ९६ किलोंवर आली. काढता येण्याजोगा म्हणून ज्याची थोरवी सांगितली होती तो निघाला खरा. पण जेथे तो सात वर्षे होता तेथे व्रण राहिले आणि पुढच्या कोणत्याही शस्त्रक्रियेची वाट त्यांनी बिकट केली.

ताईची कथा अपवाद नव्हती. २०११ साली ब्रसेल्सच्या शल्यविशारदांनी बारा वर्षांहून अधिक काळ लोटलेले आपलेच ८२ रुग्ण तपासून प्रांजळपणे लिहिले की, त्यांतील साठ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. पट्ट्याचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या ऑस्ट्रेलियातील गटाचे आकडे पुष्कळ बरे होते: पंधरा वर्षांनंतरही जादा वजनापैकी सुमारे निम्मे उतरलेले. पण त्यांच्याही रुग्णांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणांना दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेस सामोरे जावे लागले होते. हा फरक बराचसा पाठपुराव्याचा असावा, असे माझे मत आहे. अमेरिकेत २०११ मध्ये अशा शस्त्रक्रियांपैकी सुमारे एकतृतीयांश पट्ट्याच्या होत. दशक संपता संपता त्या शंभरात एकाच्या आसपास आल्या.

आता हे सारे पुन्हा उगाळण्याचे कारण ताईची मुलगी. भाची चौतीस वर्षांची आहे. उंची १६० सेंटिमीटर, वजन ९६ किलो, आणि तीन वर्षांपासून मधुमेह. बीएमआय साडेसदतीस. पाश्चात्त्यांच्या हिशेबाने हा आकडा जितका भयावह, त्याहून आपल्यासाठी अधिक, कारण आपला देह बारीक दिसतानाही मेद साठवून असतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आपले आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापले होते, दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु त्या इंग्रजाच्या देहात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. म्हणूनच आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादाही खाली आणलेली आहे.

पट्ट्याचा प्रस्ताव तिच्यापुढे कोणी ठेवला नाही. पर्याय आहेत ते ‘स्लीव्ह’ आणि ‘बायपास’ यांचे. पहिल्यात जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग कापून कायमचा काढतात. दुसऱ्यात जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही पट्ट्याहून प्रभावी, दोन्ही त्याहून मोठ्या. टाक्यांतून गळती होण्याचा धोका दोन्हींत. स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकते, बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि बी-१२ जन्मभर घ्यावे लागते. शाकाहारी घरांत बी-१२ आधीच कमी असते. भाचीचेही कमीच निघाले.

“मामा, तुम्ही मला फक्त धोके सांगू नका,” ती एका रात्री फोनवर म्हणाली. “काही न करण्याचे धोकेही सांगा.”

तिचे म्हणणे रास्त होते. तराजूच्या एकाच पारड्यात वजने टाकून तोलणे होत नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांत मृत्यूचे प्रमाण न केलेल्यांहून स्पष्टपणे कमी आढळले, आणि त्यांतही काही जण पट्टेवालेच होते. शिवाय तिला मूल हवे आहे. शस्त्रक्रियेनंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावयास सांगतात. चौतिसाव्या वर्षी दीड वर्ष ही लहान किंमत नव्हे. उलट, स्वीडनच्याच नोंदींवरून असे दिसते की, शस्त्रक्रियेनंतरच्या गर्भारपणात मधुमेह कमी होतो, मात्र अपुऱ्या वजनाची बाळे काहीशी अधिक जन्मतात. २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागलेल्या आठवड्याच्या इंजेक्शनांचा विचार तिने केला. ती भूक खरोखरच शमवतात; पण सेमाग्लुटाइडच्या एका अभ्यासात ते थांबवल्यावर वर्षभरात गेलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आले, आणि गर्भधारणेपूर्वी तर ती थांबवावीच लागतात. विम्याची अटही होतीच: ४० च्या खाली बीएमआय असेल तर अनियंत्रित मधुमेहासारखा गंभीर विकार कागदोपत्री दाखवावा लागतो. त्या कागदांसाठी जावयांनी चार खेटे घातले.

ताई या सर्व चर्चेत गप्प होती. नातलगांपैकी अनेकांना वाटले, ती मुलीला अडवील. एका काकूंनी तर “आईचे पाहिलेस ना?” असे तिच्यासमोरच विचारले. ताईने पानातले ताक संपवले आणि मुलीला म्हणाली, “कर. पण कापणाऱ्याला विचार, पाच वर्षांनी मला कोण तपासणार. मला तो प्रश्न कोणी शिकवला नव्हता.”

भाचीने तो प्रश्न तीन रुग्णालयांत विचारला. एका ठिकाणी हसून टाळला गेला, दुसऱ्या ठिकाणी चकचकीत पुस्तिका हाती आली. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी वही काढली, पहिल्या वर्षी किती वेळा यावे लागेल, पुढे दरवर्षी रक्ताच्या कोणत्या तपासण्या, त्यांचा खर्च किती, आणि त्या स्वतः नसतील तर कोण असेल, हे ओळीने लिहून दिले. आम्लपित्ताचा त्रास आधीपासूनच असल्याने स्लीव्ह नको, बायपास करू, हेही त्यांनीच सुचवले. तेथेच तारीख ठरली आहे. तोवर बी-१२ ची इंजेक्शने चालू आहेत, जेवण सावकाश चावून वीस मिनिटे पुरवण्याचा सराव चालू आहे, आणि मी अवंतिका एक्स्प्रेसचे बडोद्याचे तिकीट काढून ठेवले आहे.