पप्पांची पद्मिनी आणि एक नायलॉनचा दोर

खरं सांगते, गाड्यांमधलं मला ओ की ठो कळत नाही. मी भाईंदर-चर्चगेट फास्टच्या लेडीज डब्यात वाढलेली मुलगी. पण मागच्या हिवाळ्यात कराडजवळच्या आमच्या गावाहून काकांचा फोन आला आणि पुढचे चार दिवस मी ब्रेक, विंच आणि प्रोपेलर शाफ्ट या विषयांत आकंठ बुडाले.

"आगं, भंगारवाला आलाय. गाडीचं बारा हजार देतो म्हणतोय. गोठ्यात नुसतीच गंजत पडलीय. दिऊ का?"

गाडी म्हणजे पप्पांची प्रीमियर पद्मिनी, १९९४ चं मॉडेल. पप्पांनी ती सेकंडहॅण्ड घेतली होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ, पुढे सोफ्यासारखी सलग सीट आणि दार असं बंद व्हायचं की अख्ख्या बिल्डिंगला कळावं, साहेब आले. पप्पा रिटायर झाले, सोसायटीत पार्किंगचे वांधे झाले, तेव्हा ते स्वतः चालवत तिला गावी सोडून आले. २०२३ मध्ये पप्पा गेले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरपासून मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीही बंद झाल्या. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून. पेपरात सगळे हळहळले. मी मात्र त्या दिवशी गोठ्यातल्या गाडीचा विचारही केला नव्हता.

बारा हजार हा आकडा ऐकला आणि पोटात काहीतरी तुटलं. "काका, थांबा. मी येते. गाडी घरी आणायची," मी म्हणून टाकलं.

आणायची कशी? याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. २६ जुलै २००५ चा पाऊस आठवतोय ना? मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमची पद्मिनी दहिसर चेकनाक्याजवळ पाण्यात अडकली होती. दोन दिवसांनी पप्पांनी मित्राच्या जीपला दोर बांधला आणि तिला भाईंदरला आणलं. जीप पुढे, मागे पप्पा स्टिअरिंगवर, गेटमधून आत येताना हात हलवतायत. माझ्या डोक्यातला पप्पांचा सगळ्यात हीरोवाला सीन. दोर बांधायचा, ओढायचं, घरी यायचं. सिम्पल!

गावच्या चुलतभावालाही आयडिया पसंत पडली. "ताई, आपली बोलेरो हाय की. पहाटं निघू, संध्याकाळपातूर भाईंदर." गाडी उचलून नेणाऱ्या कॅरिअरवाल्याने फोनवर अठरा हजार सांगितले होते. फ्रीलान्सरला अठरा हजार म्हणजे काय, हे ज्याचे चेक तीन-तीन महिने अडकतात त्यालाच विचारा. दोर साडेचारशे रुपयांत आला.

सुदैवाने आम्ही आधी कराडच्या गॅरेजपर्यंत ट्रायल घ्यायचं ठरवलं. जेमतेम चौदा किलोमीटर. टायरमध्ये हवा भरली, दोराचं एक टोक बोलेरोला, दुसरं पद्मिनीच्या बंपरला. मी पप्पांच्या जागी. सीटला अजून तोच वास होता. पहिले पाच-सहा किलोमीटर मी चक्क एन्जॉय केले.

मग उतार लागला. पुढे शाळा, शाळेसमोर स्पीडब्रेकर. बोलेरो स्लो झाली, मी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. पुन्हा दाबला, तेच. बोलेरोचा मागचा भाग काचेत मोठा मोठा होत गेला. मी हॅण्डब्रेक ओढला आणि स्टिअरिंग डावीकडे कापलं. भावाला मागचं काहीच कळलं नव्हतं. स्पीडब्रेकर ओलांडून त्याने गाडी पुढे काढली, सैल पडलेला दोर एकदम ताणला आणि तुटला. त्याचं टोक चाबकासारखं बॉनेटवर बसलं. गाडी उसाच्या कडेला चारीत जाऊन थांबली. पाच-सहा पावलांवर दोन पोरी दप्तरं घेऊन उभ्या होत्या. एकीच्या हातात अर्धा खाल्लेला पेरू होता. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे.

कुणाला काही झालं नाही. हे वाक्य लिहायला सोपं आहे. त्या दिवशी रात्रभर मात्र मला तो पेरूच दिसत होता.

मिस्त्री तिथेच आला. साठीचा माणूस, पद्मिनीवर हात बसलेला. त्याने आधी चाकं बघितली, मग दोर, मग आम्हाला. "शिकलेली माणसं ना तुम्ही?" एवढंच म्हणाला. मग चहा पिता पिता त्याने क्लास घेतला, तो तुम्हालाही सांगते. वडिलांची, आजोबांची गाडी गावाहून आणायची स्वप्नं बघणारे माझ्या ओळखीतच चार जण आहेत.

पहिली गोष्ट, दोर फक्त ओढतो, थांबवत नाही. म्हणजे मागच्या गाडीचे ब्रेक शंभर टक्के लागलेच पाहिजेत. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे रबर सुकतात, ऑइल गळतं. आमच्या टाकीत ते थेंबभरही नव्हतं. दुसरी गोष्ट, बंपर हा दोर बांधायचा भाग नाही. तो पत्रा आहे, सुमारे ९०० किलोची गाडी त्यावर ओढायची नसते. तिसरी माझ्यासाठी नवीन होती. पद्मिनी मागच्या चाकांवर चालते. गाडी ओढली की ती चाकं प्रोपेलर शाफ्ट फिरवतात आणि शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा भाग फिरवतो. इंजिन मात्र बंद. त्यामुळे एरवी तेल उडवणारे आतले गिअर थांबलेले असतात आणि फिरणारे भाग कोरडे पडतात. लांब ओढायचीच तर आधी शाफ्ट सोडवून ठेवायचा. "न्यूट्रलला टाकली म्हंजी झालं, असं नसतंय," मिस्त्री म्हणाला.

नियमही तेच सांगतो. बंद पडलेली गाडी ओढायची ती जवळच्या गॅरेजपर्यंत. मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा, दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे 'ऑन टो' अशी पाटी हवी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत. कराड ते भाईंदर सव्वातीनशे किलोमीटर. करा हिशोब. तेरा तास, तेही खंबाटकी आणि खंडाळा मध्ये घेऊन. शिवाय आमच्या गाडीचं रजिस्ट्रेशन संपलेलं, इन्शुरन्स तर कधीचाच. स्वतःच्या चाकांवर तिला हायवेवर आणायचा हक्कच आम्हाला नव्हता.

मग कॅरिअर. इथे मिस्त्रीने एक टीप दिली. मुंबईहून गाडी सोडायला आलेले कॅरिअर परत रिकामे जातात. दोन दिवस थांबलात तर भाव उतरतो. आम्ही थांबलो, अकरा हजारांत ठरलं. या दोन दिवसांत सीटखालचे सुटे पाने, पप्पांची छत्री, सगळं बाहेर काढलं. बॅटरी सोडवली. चारही बाजूंनी फोटो काढले, म्हणजे उतरवताना कुठला ओरखडा जुना आणि कुठला नवा यावर वाद नको.

विंचने गाडी हळूहळू वर चढली. ड्रायव्हरने पट्टे टायरवरून आवळले, चाकांना लाकडी ओट लावले, गिअर टाकला, हॅण्डब्रेक ओढला. पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून त्याने पट्टे परत आवळले. "गाडी बसते, पट्टे ढिले होतात. पहिला थांबा चुकवायचा नाही." खंबाटकीचा बोगदा संपल्यावरच्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. ती हलली नव्हती. तिथे आपण दोरावर असतो तर, हा विचार मनात आला आणि मी भावाला मेसेज टाकला, 'सॉरी.' त्याचा रिप्लाय आला, 'ताई, मी पण.'

घोडबंदर रोडने नेहमीप्रमाणे दीड तास खाल्ला. नवघर रोडला पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. कॅरिअर आमच्या गल्लीत शिरेना. मग वॉचमन, ड्रायव्हर, दूधवाल्याचा पोरगा आणि मी, धक्का मारत पद्मिनी गेटमधून आत नेली. आई गाऊनवर ओढणी घेऊन खाली आली होती. काही न बोलता डावीकडचं दार उघडून आपल्या जागेवर बसली. मी पप्पांच्या जागेवर.

मी तिला सगळं सांगितलं. शाळा, स्पीडब्रेकर, पेडल. ओरडेल असं वाटलं होतं. ती समोर बघत राहिली. मग म्हणाली, "त्या वेळी तुझ्या पप्पांचेही ब्रेक लागले नव्हते. पाण्याने गेले होते. चेकनाक्यावर जीपवर आदळता आदळता वाचले. घरी आले तेव्हा हात थरथरत होते. तुला सांगायचं नाही, म्हणाले होते."

म्हणजे गेटमधून हात हलवणारा तो हीरो घाबरलेला होता. मला ते आधी कुणी सांगितलं असतं, तर मी दोर विकत घेतला नसता.

गाडी अजून चालू झालेली नाही. ब्रेकचं काम व्हायचंय. पप्पांच्या नावावरून आईच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचाय, मग रजिस्ट्रेशन, मग इन्शुरन्स. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगसाठी तीन महिन्यांची मुदत दिलीय. ती पुरेल की नाही, माहीत नाही.

तोवर आई रोज संध्याकाळी खाली जाते, दार उघडते, दहा मिनिटं बसते. दार बंद झालं की अख्ख्या बिल्डिंगला कळतं.