उसनी चाल

वयाच्या सतराव्या वर्षी आम्ही एका वहीत आपल्या अत्यंत आवडत्या दहा गीतांची यादी केली होती. परवा कपाट आवरताना ती वही हाती आली. बहुतेक सगळी हिंदी चित्रपटांतली गाणी. शेवटी ‘ह्यात कधीही बदल होणार नाही’ असा शेरा असून खाली तारखेसह सहीही ठोकलेली आहे! आज त्या दहांपैकी एकच गीत आम्हांस पुरते म्हणता येते, आणि तेही निराळ्याच शब्दांनी.

आवड वयाबरोबर पालटते, हे सांगावयास प्राध्यापकाची गरज नाही. पोरवयात ठेका आवडतो, तारुण्यात शब्द, आणि केस पिकू लागले की सूर. आम्हीही ह्याच वाटेने चित्रपटगीतांकडून ‘गीतरामायणा’कडे व तेथून कुमार गंधर्वांकडे आलो. तथापि आमच्या आवडीत झालेला एक बदल वयाच्या हिशेबात बसत नाही.

आमचे घर औरंगपुऱ्यात होते. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. छत्रपती संभाजीनगर हे नाव २०२३ मध्ये आले. वडिलांजवळ बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या होत्या. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटांचे गाणे, पण त्या तीन मिनिटांत घरात कोणी भांड्याचाही आवाज करावयाचा नाही. १९९१ साली, आम्ही एम्. ए.च्या वर्गात असताना, नागसेनवनात राहणारा एक सहाध्यायी आमच्याकडे आला. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा धुमसतच होता. १९७८ मध्ये विधिमंडळाने ठराव केला, त्यावर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, आणि तेरा वर्षे झाली तरी नाव पालटले नव्हते. ह्या विषयावर आम्ही दोघे कधी बोलत नसू. त्या दुपारी त्याने ‘स्वयंवरा’तील पदांच्या दोन्ही बाजू मान खाली घालून ऐकल्या. वडील प्रसन्न झाले व त्याला म्हणाले, “आता तुम्ही काही म्हणा.”

त्याने वामनदादा कर्डकांचे एक गीत म्हटले. आवाज भरदार होता, आणि गाताना त्याचे डोळे मिटलेले होते. गीत संपताच आम्ही म्हणालो, “शब्द चांगले आहेत रे, पण चाल सिनेमाची. उसन्या चालीला गाणे कसे म्हणावे?” तो हसला आणि चहा घेऊन गेला. पुढे वर्षभर तो आमच्या शेजारी बसत होता. परंतु आमच्यासमोर तो पुन्हा कधी गायला नाही.

ते वाक्य आम्ही फार वर्षे विसरून होतो. आठवण झाली ती वडिलांच्या संग्रहातील ‘संगीत सौभद्र’ चाळताना. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८२ च्या ह्या नाटकात पदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या कुठल्यातरी गाण्याचा निर्देश असतो. कीर्तनातल्या चाली, लावणीच्या चाली, कानडी पदांच्या चाली! खाडिलकरांच्या ‘स्वयंवरा’साठी (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ज्या चाली दिल्या, त्यांतील कितीतरी ख्यालाच्या चिजांवरून आलेल्या. आमच्या घरात ज्या स्वरांसाठी भांडी गप्प होत, ते स्वरही असे उसनेच होते. मात्र ती उसनवारी आम्हांस परंपरा वाटली आणि नागसेनवनातली चोरी! कानांना काही झाले नव्हते. कान औरंगपुऱ्याबाहेर गेलेच नव्हते, इतकेच.

आणि चित्रपटाची चाल का घ्यावी? ज्याला पेटी, तबला व तालीम परवडत नाही अशा वस्तीत रात्री गीत गावे आणि सकाळी ते सर्वांच्या ओठी असावे, तर लोकांच्या कानात आधीच मुरलेली चाल घेण्याइतकी शहाणी युक्ती नाही. एवढे साधे आमच्या ध्यानात यावयास पन्नाशी उलटावी लागली.

१४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या तारखेस दरवर्षी विद्यापीठाच्या दाराशी माणसांची दाटी होते. पुस्तकांची दुकाने लागतात, गाण्यांवर गाणी वाजतात. मागे एकदा आम्ही तेथे पुस्तके पाहत असता कर्ण्यातून एक चाल आली. यादीतील तिसऱ्या क्रमांकाचे आमचे गीत! शब्द मात्र भीमरायाचे. दुकानदार दोनदा किंमत सांगून थांबला तरी आम्ही उभेच. त्यानंतर मूळ शब्द कितीही आठवू पाहिले तरी ओठांवर तेच येतात.

वही सापडली त्या रात्री आम्ही त्या सहाध्याय्यास दूरध्वनी केला. तो आता नांदेडला असतो. पस्तीस वर्षांपूर्वीच्या त्या वाक्याबद्दल क्षमा मागितली. त्याला ते चांगलेच आठवत होते. आम्ही म्हणालो, “ते गीत पुन्हा ऐकव.”

“आता गळा राहिला नाही रे,” तो म्हणाला. “आणि खरे सांगू का, ती गाणी मीही आता जयंतीलाच ऐकतो. पहाटे कबीर लावतो, कुमारांचा.” मग थोडे थांबून त्याने विचारले, “तुझ्या वडिलांच्या त्या तबकड्या आहेत का अजून? फार दिवसांपासून मनात होते, एकदा येऊन ऐकाव्या.”

घर बदलताना जागा पुरेना, म्हणून आम्ही त्या भंगारवाल्यास वजनावर दिल्या होत्या. त्याला तसे सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही.