एकाच खांबावर दोन विरोधी योजना

पुण्यात कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपला एकाच खांबावर दोन पूल आहेत. वरून मेट्रो धावते, मधल्या पुलावरून गाड्या जातात आणि खाली मूळचा चौक आहे. हा उड्डाणपूल 2022 च्या सुरुवातीला खुला झाला आणि त्याच वर्षी 6 मार्चला वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो सुरू झाली. बांधकाम म्हणून हे वाखाणण्याजोगं आहे. रहदारी चालू ठेवून भर वस्तीत एवढं उभं करणं खायचं काम नाही. तरीही वाहतूक नियोजनात काम करणारा म्हणून माझं म्हणणं असं, की मेट्रोच्याच मार्गावर, तिच्याच खांबांवर खासगी गाड्यांसाठी पूल बांधणं म्हणजे सार्वजनिक पैशातून मेट्रोला स्पर्धक उभा करणं. शिवाय या स्पर्धकाला तिकीट लागत नाही.

आधी साधा हिशेब पाहू. पुणे मेट्रोच्या तीन डब्यांच्या गाडीत, गर्दीच्या वेळी दाटीवाटीनं, नऊशेहून अधिक माणसं मावतात. सहा मिनिटांना एक गाडी धरली तरी तासाला एका दिशेनं नऊ हजार होतात; तीन मिनिटांना सोडली तर दुप्पट, आणि त्यासाठी नवा खांब लागत नाही. मोटारींच्या पुलाची एक मार्गिका तासाला फार तर दीड-दोन हजार गाड्या सोडते. मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर दोन मार्गिका मिळून साडेचार ते सहा हजार माणसं झाली, तीही पुढचा सिग्नल मोकळा असला तर. पण क्षमतेपेक्षा सवयीचा प्रश्न मोठा आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी 1962 मध्येच दाखवलं होतं, की गर्दीच्या वेळी रस्ता रुंद केला की दुसऱ्या वेळचे, दुसऱ्या वाटेचे आणि बस-रेल्वेचे प्रवासी त्या रस्त्यावर येतात आणि तो पुन्हा भरतो. डुरांटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा रस्त्यांच्या लांबीच्या जवळजवळ त्याच प्रमाणात गाड्यांचा प्रवास वाढलेला दिसला. याचीच पुढची पायरी अशी, की दाट शहरात गर्दीच्या वेळी मोटारीचा वेग अखेर सार्वजनिक वाहतुकीच्या घरापासून कचेरीपर्यंतच्या वेगाशी बांधलेला असतो. मेट्रो झटपट झाली की काही गाड्या घरी राहतात आणि उरलेल्यांना रस्ता मिळतो. म्हणजे मोटारवाल्याचं भलं करायचं तरी पैसा मेट्रोवर आणि तिच्यापर्यंत नेणाऱ्या वाटेवर घालावा लागतो.

त्या वाटेचं पुलाखाली काय होतं ते पाहण्यासारखं आहे. बसच्या उंचीला साडेपाच मीटर मोकळे सोडून वर तुळईची जाडी धरली, की पुलाचा पृष्ठभाग जमिनीपासून सातेक मीटरवर येतो. तीसास एक असा सौम्य उतार दिला तर खाली यायला दोनशे मीटर लागतात. त्यातला बराच भाग दोन्ही बाजूंनी भिंत घातलेला भराव असतो. तिथे रस्ता ओलांडता येत नाही. समोरच्या औषधाच्या दुकानात जायलासुद्धा वळसा. उतार मधली रुंदी खातो म्हणून बाजूच्या मार्गिका आक्रसतात, त्या रुंद करायला फूटपाथ कापला जातो, उरलेल्यावर विजेचे डीपी बॉक्स आणि दुचाक्या उभ्या राहतात आणि बसथांबा पुढे सरकतो. वर आणखी एक: मधे पूल आला की मेट्रोचे रूळ आणखी उंच जातात, स्टेशनही उंचावतं. गाडीवाल्याचा एक सिग्नल वाचतो, मेट्रोवाल्याचे जिने वाढतात.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा, आणि तो वजनदार आहे: खांब एकदाच उभे करायचे तर पूलही त्यातच उरकावा, नंतर जागा मिळत नाही. खर्च वाचतो हे कबूल. पण वाचणारा खर्च हा पुलाच्या गरजेचा पुरावा नव्हे. दुसरा आक्षेप असा, की पुलामुळे रुग्णवाहिका आणि शहराच्या पीएमपी बसलाही वाट मोकळी मिळते. बसला चौकातच थांबायचं असतं, तिथेच माणसं चढतात-उतरतात; पुलावरून गेलेली बस त्या चौकाच्या उपयोगाची नाही. रुग्णवाहिकेला राखीव बसमार्गिका अधिक कामाची, कारण पूल उतरतो तिथली कोंडी तिलाही चुकत नाही. नळ स्टॉपचा पूल सुरू झाल्यावर तक्रारी नेमक्या त्याच टोकांवरून आल्या होत्या. तिसरा आक्षेप मला सर्वात प्रामाणिक वाटतो: मेट्रो सगळीकडे जात नाही, मग कोथरूडच्या दुचाकीवाल्यानं करायचं काय? खरं आहे. पण त्याचं उत्तर जिथे मेट्रो नाही तिथे बस वाढवण्यात आहे. जिथे आहे तिथेच पूल बांधल्यानं त्याचा अर्धा किलोमीटर तेवढा सुटतो. सगळेच पूल वाईट असंही नाही. चांदणी चौकात महामार्ग आणि शहराची रहदारी एकमेकांत अडकत होती, तिथे पातळ्या वेगळ्या करणं भागच होतं. कर्वे रस्ता महामार्ग नाही; तिथली गाडी बहुतेक वेळा दोन-चार किलोमीटरच्या आतच कुठेतरी थांबणार असते.

विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडला गेला. तो जेमतेम दीड दशक उभा होता, पण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोच्या आड येत होता. त्यातून मेट्रो आधी ठरवावी हा धडा घ्यायचा सोडून आपण मेट्रोखाली पुन्हा मोटारींचाच पूल घेतला. दरम्यान स्टेशनपासून 500 मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक) देण्याचं धोरण आहे आणि कोथरूडमधल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडल्या जाताहेत. त्या जागी येणाऱ्या कुटुंबांनी मेट्रो धरली तर हे धोरण सार्थ ठरेल. गाड्या काढल्या तर त्याच गल्ल्यांत कित्येक पट गाड्या येतील. जून 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं वनाज-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोली या 12.75 किलोमीटरच्या विस्ताराला मंजुरी दिली आहे आणि नगर रस्त्यावर मेट्रोसह उन्नत मार्गांची चर्चा चालू आहे. या नव्या मार्गांच्या खांबांवर रस्त्याचा मजला घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी प्रत्येक स्टेशनच्या 500 मीटरच्या परिघातला फूटपाथ मोजावा, तो कुठे तुटतो ते नकाशावर काढावं आणि पुलासाठी धरलेल्या रकमेतून आधी तो जोडावा. काम किरकोळ आहे, त्याचं उद्घाटन कोणी करत नाही. बहुधा म्हणूनच ते राहून जातं.