छाती अडतीस, बाह्या पूर्ण

१९६२च्या हिवाळ्यात पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांमधून जे लहान होते, त्यांना त्या साली घरात शिरलेला फौजी हिरवा रंग विचारून बघा. लगेच आठवेल. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला, पाठोपाठ दिवाळी आली, आणि अनारशांचं पीठ बाजूला सारून बायकांनी सुया हातात घेतल्या. सरहद्दीवर नामकाचू नदीच्या काठी आपली पोरं सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत उभी आहेत, ही बातमी नळावर पोचायला वेळ लागला नव्हता.

खरं तर लोकरीशी आमच्या घरांचा संबंध बेताचाच. बाळंतविड्यातलं टोपडं, पायमोजे, आणि फार तर आजोबांची कानटोपी. सुयांवर हात बसलेला होता तो सगळा नक्षीत. आणि जवानांच्या स्वेटरांसाठी महिला मंडळातून निरोप आला तो असा: छाती ३८, बाह्या पूर्ण, नक्षी नको. खाली-वर दोन सुलट दोन उलट, मधे नुसतं साधं. आत्याला याचं फार वाईट वाटलं. जाळीची वीण घालायला मिळत नसेल तर विणायचं कशाला, असं ती पहिले दोन दिवस म्हणत होती.

दुसरी अडचण मापाची. अख्ख्या वाड्यात ३८ छातीचा पुरुष सापडेना! सगळे कारकून नाहीतर मास्तर. शेवटी मागच्या खोलीतल्या, तालमीत जाणाऱ्या भाडेकरूला चौकात उभं केलं. "हात वर करा, भावजी," म्हणत काकू पाठीला टेप लावायच्या आणि ते बिचारे लाजून तुळशीकडे बघत राहायचे. कोण कुठला जवान, त्याचा स्वेटर या भावजींच्या अंगावर बेतला गेला.

आम्हा पोरांचं काम लडी धरण्याचं. दोन्ही हात पुढे करून बसायचं, समोर आई गुंडा करणार. दंड भरून यायचे. जरा हात खाली आला की, "हलू नकोस मेल्या, गुंता होतोय!" लोकर अजून औंसावरच मागायची पद्धत होती. ग्रॅम-किलो नुकते आले होते, पण ते भाजीवाल्यापुरते.

आजोबांना हे सगळं मान्य नव्हतं. "लढाया स्वेटरवर जिंकता येत नाहीत, सरकारचं काम सरकारनं करावं," असं ते झोपाळ्यावरून सांगायचे. त्यावर आजीनं एकदाच उत्तर दिलं. "गेल्या साली नेसत्या लुगड्यानिशी बाहेर पडले, तेव्हा कुणाची तरी चादर पांघरली होती मी. सरकारनं नव्हती विणली ती."

१२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठा बुडाल्या, त्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं. धरण खचू लागल्यावर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते रात्रभर तगवलं, म्हणून पाणी दिवसा आलं आणि माणसं पळू शकली, असं पुण्यात आजही सांगतात. देशभक्तीची भाषणं लढाईच्या दिवसांत उदंड झाली. आमच्या वाड्यातल्या सुया मात्र, मला वाटतं, त्या पोत्यांच्या हिशेबात चालत होत्या.

२१ नोव्हेंबरला लढाई थांबली, त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. बहुतेकींचे स्वेटर तेव्हा मुंढ्याशी आले होते. कुणीही उसवले नाहीत. बर्फ थोडाच थांबला होता! संरक्षण निधीत दिलेल्या पाटल्या-बांगड्यांची आठवण अजून निघते, पावत्याही कुणी जपून ठेवल्या आहेत. स्वेटरची पावती कुणी मागितली नाही.

वाड्यातलं एकच पार्सल नावानिशी गेलं. साताऱ्याकडच्या एका बिऱ्हाडाचा मुलगा मराठा पलटणीत होता. त्याच्या आईनं स्वेटरच्या घडीत तिळगूळ घालून पुडकं केलं, वरून मांजरपाट शिवलं, जोडावर लाखेचे ठिपके दिले. पत्ता आम्ही लिहिला: नंबर, नाव, पलटण, आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.' "हे गाव कुठल्या बाजूला आलं?" असं तिनं पोस्टमनला विचारलं. तो म्हणाला, "मावशी, ते कुणालाच सांगत नाहीत. पण पोचतं."

६५ आणि ७१ साली सुया पुन्हा निघाल्या, पण तोवर हात सरावले होते आणि नक्षीचा वाद उरला नव्हता. आता सियाचेनवरच्या जवानाचे कपडे निराळ्याच जातीचे असतात, घरच्या स्वेटरची त्याला गरज नाही. राख्या तेवढ्या अजून जातात.

हिरवी लोकर उरली ती उरलीच. फेकायची कुणाची छाती नव्हती. मग ती आमच्या स्वेटरांच्या कॉलरला, कोपरांच्या ठिगळांना, बाह्या आखूड पडल्या की मनगटाला लागत गेली. मॅट्रिकच्या फोटोत वाड्यातली आम्ही सगळी भावंडं तेवढ्यावरून ओळखू येतो.